टोनही म्हणजे काय, मॅडम?

आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला गावानं टोनही ठरवलं, तेव्हा मी त्याच शाळेत शिकवत होते. पुढे कोर्टात मी जे सांगितलं ते प्रश्नोत्तरांच्या तुकड्यांत सांगितलं आणि त्यात माझा स्वतःचा वाटा नीट आलाच नाही. म्हणून हे सगळं सलग लिहून काढते आहे.

गाव बालाघाट-गोंदिया रस्त्यापासून थोडं आत, राजेगावच्या अलीकडे. मी बालाघाटहून बसनं यायची आणि फाट्यापासून पंधरा मिनिटं चालायची. शाळा हिंदी माध्यमाची, पण निम्म्या घरांत आपली मराठी. पोरं माझ्याशी हिंदी बोलायची आणि भांडताना 'काहून मारून राह्यला बे' म्हणायची.

स्वयंपाकाची बाई बौद्ध मोहल्ल्यातली. चाळिशीची, हडकुळी, केस कमरेपर्यंत. नवरा तापानं गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती बालाघाटला कॉलेजात. बाई साठ-पासष्ट पोरांचं वरण-भात, पोळी-भाजी एकटी करायची. तिच्या मदतीला दुसरी बाई मंजूर होती, पण ती नुसत्या सहीपुरती. कुठल्या पोराला वांगं चालत नाही, कोण घरून उपाशी येतं, हे तिला आम्हा शिक्षकांपेक्षा जास्त ठाऊक. वरणात वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरून टाकायची. ती तिच्याच अंगणातली.

गावातल्या पाच-सहा घरची पोरं मात्र डबा आणायची. का, ते कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं. मीही डबा आणायची. पहिल्या वर्षी ती वाटी घेऊन माझ्या टेबलाशी यायची.

"मॅडम, आज कढी केली. थोडीशी घ्या ना."

"नको गं. माझं पोट नाजूक आहे. बाहेरचं सोसत नाही."

"हौ," म्हणायची आणि वाटी परत न्यायची. दोन वर्षांनी तिनं विचारणं सोडलं. बालाघाटला बसस्टँडवर मी समोसे खायची, पाणीपुरी खायची, तेव्हा माझ्या पोटाला काही होत नव्हतं. शाळेत माझा स्टीलचा गिलास होता, तो मी स्वतः धुवून कपाटात ठेवायची आणि पाणी घरून बाटलीत आणायची. मी स्वतःला सुधारलेली समजत होते. वर्गात मी समतेचा धडा फार छान शिकवते, असं मुख्याध्यापकही म्हणायचे.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. मधल्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून मोबाईलवर माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे फोटो बघत बसले होते. शाळेच्या मागे कुंपणाला रतनजोतीची, म्हणजे मोगली एरंडाची, झुडपं आहेत. त्याची फळं तेव्हा पिकलेली असतात, आतल्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणे. सुट्टीनंतर तासाभरात एक मुलगी वर्गात ओकली. मग दुसरी. मग तिसऱ्या वर्गातली पोरं. अकरा जण झाले. वर्गभर आंबट वास, फरशीवर वरणभात, आणि पोरं पोट धरून रडताहेत.

जीप करून आम्ही त्यांना बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा जेवणाचंच विचारलं. पण जेवण साठ जणांनी जेवलं होतं आणि ओकत होते अकराच. मग नर्सनं एका मुलीच्या फ्रॉकच्या खिशातून बिया काढून दाखवल्या. काळ्या, लांबट, सात-आठ.

"रतनजोत है मैडम," डॉक्टर म्हणाला. "हर साल आते हैं ऐसे केस. स्कूल में बच्चों को कोई देखता नहीं क्या?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकराही पोरं घरी पोचली, धडधाकट.

मुख्याध्यापकांना मी बियांचं सांगितलं. ते दार लावून म्हणाले, "मॅडम, ड्यूटी तुमची होती. बियांचं बोललात तर चौकशी तुमच्यावर येईल आणि मग माझ्यावर. लोक जेवणाचं बोलताहेत ना? बोलू द्या. चार दिवसांत विसरतील."

मी मान हलवली. डॉक्टरनं बियांचं लिहून दिलेली दवाखान्याची चिठ्ठी त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली.

लोक विसरले नाहीत. आधी म्हणाले, भाजीत पाल पडली होती. मग कोणीतरी म्हणालं, पाल पडली असती तर साठ ओकले असते, अकराच कसे? हाच प्रश्न डॉक्टरला पडला होता आणि त्यानं खिसे तपासले. गावानं दुसरं उत्तर काढलं. अकरा जणांवर तिची नजर पडली. कोणाची म्हैस त्याच आठवड्यात आटली. एका घरी सुनेचं पोट पडलं. बाई अंगणात केस वाळवत बसते, अमावस्येला बसली होती, हे कोणालातरी आठवलं. आणि मग तो शब्द आला. आमच्या भागात तो छत्तीसगडकडून आलेला आहे: टोनही. एकदा आला की घरोघरी एकदम सगळ्यांच्या तोंडात. हिंदी बोलणारे टोनही म्हणत, मराठी घरांतल्या म्हाताऱ्या चेटकीण म्हणत, आणि गावातल्या तरुणांच्या मोबाईल ग्रुपवर तिचा केस मोकळे सोडलेला फोटो फिरत होता.

पोरांनी जेवणं बंद केलं. साठाचे चाळीस, चाळिसाचे बारा. ती गंज भरून वरण करायची आणि दुपारी ते कुत्र्यांना घालायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं उलट्या पायांची बाई काढली. तिनं ती पुसली, दुसऱ्या दिवशी परत काढली.

चौथ्या वर्गातल्या एका मुलीनं मला भर तासाला विचारलं, "मैडम, टोनही मतलब क्या होता है?"

खिडकीतून ती बाई तांदूळ निवडताना दिसत होती.

"वो सब अंधविश्वास है। किताब खोलो," मी म्हणाले.

प्रश्न मात्र घरी माझ्यासोबत आला. वडलांचा जुना मराठी शब्दकोश होता, तो काढला. टोनही त्यात नव्हतंच, टोणा होता: जादू, करणी. तो शब्द कुठून आला ते दिलं नव्हतं. मग चेटकीण पाहिलं. त्याच पानावर वर चेट होता, चेटी होती. चेट म्हणजे दास, नोकर. चेटी म्हणजे दासी. चेटूक आणि चेटकीण त्यांच्या खाली. मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना फोन केला.

"जुन्या नाटकांत राणीच्या मागे उभी असते ना, ती चेटी," ते म्हणाले. "चेटकीण तिच्यापासूनच आली असं काही जण मानतात, सगळे नाही. मंत्र मारून ज्याला नोकर करून ठेवलं ते चेटूक, असंही सांगतात. पक्कं कोणी सांगू शकत नाही."

"आणि डाकीण?"

"ती डाकिनी. बौद्धांच्या तंत्रमार्गात तिला फार मान. ज्ञान देणारी. आपल्याकडे येईपर्यंत तिची पोरं खाणारी झाली." ते हसले. "काहून विचारून राह्यल्या? शाळेत नाटक बसवताय का?"

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि कोश उघडाच टाकून बसले. राबणारी बाई. बौद्धांची मानाची बाई. दोन्ही शब्दांच्या तळाशी आमच्या स्वयंपाकघरातली ती बसली होती, आणि तिच्या अंगावर शतकानुशतकं लोकांनी घाण टाकलेली. पण खोटं का सांगू, या सगळ्याची किळस येत असतानाच एक सुटकाही वाटत होती. जोवर गाव टोनही म्हणत होतं, तोवर मोबाईल बघत बसलेल्या मॅडमबद्दल कोणी विचारणार नव्हतं. त्या शब्दाच्या आड मी सुखरूप होते.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक सकाळीच 'ब्लॉक ऑफिसात मीटिंग आहे' म्हणून निघून गेले. प्रार्थनेच्या आधीच शाळेच्या आवारात साठ-सत्तर माणसं जमली होती. दुसऱ्या गावाहून एक पंडा आणला होता, अंगात येणारा. जाड, पान खाल्लेला, हातात मोरपिसांचा झाडू. बाईला स्वयंपाकघरातून हात धरून आणलं आणि त्याच्यासमोर बसवलं. तिच्या हाताला कणीक तशीच लागलेली.

पंड्यानं द्रोणात पाणी घेऊन तांदळाचे दाणे टाकले. दाणा बुडला की तरंगला ते मला दिसलं नाही. कोणी बघतही नव्हतं. "यही है," तो म्हणाला आणि पिंक टाकली.

मग त्यानं उतारा सांगितला. पाच घरच्या चपला बादलीत बुडवायच्या आणि ते पाणी तिनं प्यायचं, म्हणजे तिची विद्या उतरते. लोकांनी हसत हसत चपला काढल्या. शेणातून, चिखलातून आलेल्या चपला. पाणी तपकिरी झालं, वर गवताच्या काड्या तरंगायला लागल्या.

एक माणूस माझ्या खोलीच्या दाराशी आला. त्याची दोन पोरं माझ्या वर्गात होती. नेहमी अदबीनं बोलणारा.

"मैडमजी, एक गिलास देना।"

पंड्याला पाणी हवं असेल असं मला वाटलं, हे मी नंतर किती तरी जणांना सांगितलं. नवऱ्याला, बहिणीला, पहिल्यांदा पोलिसांनाही. मला ठाऊक होतं. मी कपाट उघडलं आणि माझा गिलास त्याच्या हातात दिला.

बादलीत बुडवून भरलेला तो गिलास तिच्यापुढे धरला तेव्हा तिनं तो घेतला, फिरवून पाहिला आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मी व्हरांड्यात खांबाला धरून उभी होते.

"मॅडम, हा तं तुमचा गिलास हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सा वर्षं झाले, माह्या हातचं पाणी तुमी यात कधी पेले नाई. आज मले देल्ला?"

मी खाली बघितलं.

तिनं गिलास उपडा केला. पाणी पंड्याच्या पायावर सांडलं. मग दोघींनी तिचे हात मागे धरले, तिसरीनं नाक दाबलं. ही तिसरी म्हणजे जिच्या मुलीच्या खिशात बिया निघाल्या तिची आई. दुसरा गिलास भरून तिच्या तोंडात ओतला. तिसरा. ती गुदमरली, खोकली आणि ओकली, तिथेच, स्वतःच्या लुगड्यावर. पोरं खिडक्यांच्या गजांना लटकून बघत होती. काही रडत होती. एक हसत होता. पाच-सहा मोबाईल वर धरलेले.

"निकल गया," पंडा म्हणाला.

लोक खूश झाले. कोणीतरी नारळ फोडला. त्या ओकारीच्या वासात खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, देवळातल्या प्रसादासारखे. एका म्हाताऱ्यानं माझ्याही हातावर एक ठेवला. तिच्या हातची कढी सहा वर्षं न चाखलेल्या मी तो तुकडा खाल्ला. का खाल्ला ते आजही सांगता येत नाही. भीती होती, पण तेवढीच नव्हती. सगळे खात होते.

ती उठली, नळावर गेली, तोंड धुतलं, लुगड्याचा ओला पदर पिळला. स्वयंपाकघरात जाऊन चूल विझवली आणि घरी गेली. चालत, रस्त्याच्या मधून.

त्या दिवशी मी चार तास शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

तिची मुलगी त्याच दिवशी दुपारी बालाघाटहून आली. तिला पुरावा शोधावा लागला नाही. गावच्या पोरांनी काढलेला व्हिडिओ तिच्याच मोबाईलवर कोणीतरी गंमत म्हणून पाठवला होता. ती आईला घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेली. तिथून त्यांना दोनदा परत पाठवलं: गावातली बाब आहे, गावात मिटवा. तिसऱ्यांदा ती मोहल्ल्यातल्या तीस बायका घेऊन गेली आणि पायऱ्यांवर बसली. तेव्हा तक्रार लिहून घेतली.

आठवड्यानं मुलगी माझ्या घरी आली. एकटीच. मी तिला बस म्हटलं, ती उभीच राहिली.

"गिलासाचं मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "तुमी फक्त बियांचं सांगा. डॉक्टर बदली होऊन गेला. हेडमास्तर म्हणते चिठ्ठी नाई. तुमाले माहीत हाय. तुमी दवाखान्यात होत्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"ज्या पोरीच्या खिशात बिया होत्या, तिनं. ती आईच्या मारानं घाबरली हाय, पण मले सांगतलं तिनं."

नऊ वर्षांची पोर खरं बोलली होती. मी पन्नाशीला टेकलेली बाई दोन महिने तोंड शिवून बसले होते.

मुलगी गेल्यावर नवरा म्हणाला, "काहून पडतं त्या भानगडीत? नोकरी जाईन. अन् त्या लोकाईसाठी?"

'त्या लोकाईसाठी' हे शब्द मी आयुष्यभर आमच्या घरी ऐकले होते. वडलांच्या तोंडून, सासूच्या, माझ्याही. त्या दिवशी पहिल्यांदा ते चपलेच्या पाण्यासारखे वाटले. मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. बियांचं सांगितलं, ड्यूटीवर मी मोबाईल बघत होते तेही सांगितलं. गिलासाचं मात्र तेव्हाही ते पंड्यासाठीचं खोटंच सांगितलं. घरी आले, जेवण गेलं नाही, परत गेले आणि ते बदलून घेतलं. बयान लिहून घेणारा मुन्शी वैतागला.

"टोनही लिखूँ कि डायन?" त्यानं विचारलं. "ठीक से बता दो, एक ही शब्द रखना है पूरे बयान में।"

"लोक काय ओरडले ते विचारताय तर टोनही लिहा," मी म्हणाले. "ती कोण आहे ते विचारताय तर रसोइया लिहा. शाळेची रसोइया."

त्यानं दोन्ही लिहिलं.

मला नोटीस आली आणि हट्टा गावाच्या बाजूला बदली झाली. मुख्याध्यापकांना काही झालं नाही. पंडा आणि चार जण जामिनावर सुटले. त्यांची माणसं राजीनाम्यासाठी, म्हणजे तडजोडीसाठी, तिच्या घरी येत राहिली. गावात राहायचं आहे ना, म्हणत. ती म्हणायची, राह्यतच हाय. शाळेनं तिला परत बोलावलं, पण ती गेली नाही. आता ती बालाघाटला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. रोज सकाळी बसनं जाते आणि संध्याकाळी त्याच गावात, त्याच घरी परतते.

गेल्या तारखेला आम्ही दोघी कोर्टात होतो. समोरच्या वकिलानं तिला विचारलं, "तुम कहती हो, तुम्हें टोनही कहा। टोनही का मतलब जानती हो? इसमें गाली क्या है, बताओ।"

ती कठड्याला हात न लावता उभी होती. तिनं हिंदीत सुरुवात केली, मग सोडून दिली.

"मले का माईत साहेब? हे नाव मी थोडीच ठेवलं. ज्यायनं ठेवलं ते बसले हाय तुमच्या मागं. त्यायले इचारा."

मागच्या बाकावरचे चौघं पायांकडे बघत बसले. न्यायाधीशबाईंनी लिहिणाऱ्याला सांगितलं, जसंच्या तसं लिहा. मग पुढची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. माफीचे शब्द मी कित्येक महिने घोकले होते. ते बोलले. तिनं ते सगळे ऐकून घेतले, मध्ये थांबवलं नाही.

"मॅडम, तुमी साक्ष देल्ली ते बरं केलं," ती म्हणाली. "बाकीचं मले नाई माईत. माह्या मनात अजून उतरलं नाई. उतरन तवा सांगीन."

मुलीनं स्कूटी आणली. ती मागे बसली आणि दोघी बाजाराच्या गर्दीत शिरल्या. मी तिथेच उभी राहिले. आरोपींपैकी एक, तोच तो गिलास मागणारा, पान घेऊन माझ्या शेजारून गेला आणि सवयीनं हात जोडून म्हणाला, "नमस्ते मैडमजी।" माझे हातही सवयीनं वर यायला लागले होते. मी ते खाली घेतले आणि बसस्टँडकडे चालू लागले.